शालवी नदीचा नकाशा : कुठं चुकतंय ते सांगा

गावभागकर

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी सांगलीचा, गावभागातला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही मिरजेला बहिणीकडे होतो. दोन खोल्यांत तेरा माणसं, लाइट येऊन-जाऊन, बाहेर पाऊस. लेक तेव्हा सात वर्षांची. तिला रमवायला कॅलेंडरचं जुलैचं पान फाडलं आणि म्हटलं, चल, याच्या पाठीमागं आपण एक देश काढू. तिची अट एकच होती : या देशातली नदी घरात येता कामा नये.

तो देश म्हणजे अंजनखंड. पूर ओसरला, घर धुऊन झालं, पण ते पान काही टाकवेना. आता त्यावर कादंबरी लिहायला घेतलीय, दीडशे पानं झालीत. माणसं बरी उतरलीत, लढायाही चालतील. पण नायक नदीकाठी आला की माझा हात अडतो. नदी खोटी वाटते.

नकाशाचा फोटो इथं चढत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. पश्चिमेला समुद्र. समुद्राला लागून कडसर नावाची उंच डोंगररांग. पार पूर्वेला वाळवंट आणि त्यात एकटाच धुनीचा डोंगर. शालवी या धुनीच्या डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेकडे येते. मध्यावर तिचे दोन फाटे होतात, थोरली शालवी आणि धाकटी शालवी, आणि त्यांच्या बेचक्यात राजधानी चंद्रकोट. थोरली कडसर फोडून पश्चिम समुद्राला मिळते. धाकटी दक्षिणेला वळसा घालून पूर्व समुद्राला. वाटेत एक खारं तळं लागतं, त्यातून थोरली आत शिरून बाहेर पडते. वारे समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून.

दोन फाटे मुद्दाम केले होते. पाणी वाटलं गेलं की पूर निम्मा होईल, असा त्या वेळचा आम्हा बापलेकीचा हिशेब.

चिंचेखालचा

बसलो. वाचतोय. धाग्याला पाच पैकी पाच, नुसत्या त्या अटीसाठी.

घाटावरची बाई

गावभागकर, धागा आवडला. मी वाईची, बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, तेव्हा लाल पेन बाहेर येणारच. रागावू नका.

पहिला प्रश्न, जो मी सहावीच्या पोरांना विचारायचे : तुमच्या नदीत पाणी आलं कुठून? वारे पश्चिमेकडून येतात म्हणता, म्हणजे ढग कडसरला अडणार, तिथंच रिकामे होणार. पलीकडं उतरेपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही, म्हणून तर तुमचं वाळवंट पूर्वेला आहे. हे बरोबर केलंत. मग त्याच वाळवंटातला एकटा डोंगर राजधानी पोसण्याएवढी नदी कुठून आणणार? आपल्याकडंच बघा. महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणच्या बाजूला ५०० च्या आसपास. मधलं अंतर एसटीनं अर्ध्या दिवसाचं.

तेव्हा शालवीला उचला आणि उलटी ठेवा. उगम कडसरच्या माथ्यावर, वाट पूर्वेकडं.

तुम्ही म्हणाल, समुद्र पश्चिमेला इतका जवळ असताना ती पूर्वेला कशाला जाईल? हीच तर मजा आहे. क्षेत्र महाबळेश्वरहून अरबी समुद्र सरळ रेषेत ६४ किलोमीटरवर. आमची कृष्णा त्याच्याकडं पाठ फिरवते आणि १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. कारण साधं आहे, अख्खं पठारच पूर्वेला कललंय. उगम कड्याच्या अगदी काठाशी असला तरी पाणी उतार बघतं, अंतर बघत नाही. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच जणी एकाच ठिकाणी दाखवतात, आणि त्यातली सावित्री तेवढी कड्यावरून पश्चिमेला उडी घेते. स्थळपुराणात त्याचंही कारण दिलंय : ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला उशीर झाला, तिच्या जागी गायत्रीला बसवलं, सावित्रीनं सगळ्यांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. चिडलेली बाई एका दिशेला आणि बाकीचं कुटुंब दुसऱ्या दिशेला! कल्पित देशातल्या लोकांनाही आपली नदी जवळचा समुद्र सोडून का जाते हा प्रश्न पडेलच. त्यांचं उत्तर तुम्ही लिहा, उताराचं मी सांगितलं.

जावळीचं रान

बाईंना अनुमोदन. एक भर घालतो. कडसरच्या पश्चिम अंगाला आखूड, खडे ओढे दाखवा. त्यांना उतार फार, म्हणून ते मागं मागं कडा खात येतात. कधीतरी एखादा ओढा माथा ओलांडून पूर्वेच्या नदीचं डोकंच तोडून आपल्याकडं वळवतो. पुस्तकात याला नदी अपहरण म्हणतात. लढाईला याहून चांगलं कारण कुठलं? पाणी चोरलं डोंगरानं आणि आळ आला शेजारच्या राजावर.

माणदेशी

आमच्याकडं बगा नकाशावाले नुसता पिवळा रंग फासून मोकळे हुत्यात. वाळवंट म्हणं. तितं माणसं ऱ्हात्यात का न्हाई?

गावभागकर दादा, धुनीचा डोंगर काढून टाकू नका, ही इनंती. त्येला छोटी नदी द्या. माणगंगेसारखी. आठ म्हैनं वाळू, चार म्हैनं भरवसा न्हाई. पर पाणी नसतं असं न्हाई, वाळूखाली असतं. आमी ल्हान असताना झिरा काढायचो. हातानं वाळू उकरायची, ढोपरापतूर खोल गेलं की बाजूनं पाझर लागतो. पयलं पाणी गढूळ, करवंटीनं उपसून फेकायचं. दुसरंबी फेकायचं. तिसऱ्या वेळंला तळ दिसतो. मग हंडा भरायला अर्धा तास. तवर बायकांच्या गप्पा. तुमच्या कादंबरीतली निम्मी माहिती नायकाला त्या झिऱ्यावरच मिळंल.

आन एक. आमच्या माणमधला थेंब कृष्णेला जात न्हाई. मधी म्हादेवाचा डोंगर आडवा, त्यामुळं त्यो भीमेला जातो. पर भीमा म्होरं जाऊन रायचूरकडं कृष्णेलाच मिळती. म्हंजी गावाकडनं भांडून भायेर पडल्याला भाऊ शेवटी परगावात एकाच खोलीत.

गावभागकर

बाई, नदी उलटी केली. खोडरबरानं पानाला भोक पडलं. माणदेशी भाऊ, झिरा घेतला, शब्दासकट घेतला. मात्र एक शंका : नदी उलटली तरी दोन फाटे तसेच ठेवले तर चालतील ना? राजधानी तिथं आहे, तीस पानं पुन्हा लिहावी लागतील.

पाटकरी

चालणार नाहीत. तीस पानं लिहा.

मी पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलं, आता कराडला घरी बसून असतो. आयुष्यभर पाणी वाटायचं काम केलं म्हणून सांगतो, पाणी आपणहून वाटलं जात नाही. त्याला दार लागतं, दाराला माणूस लागतो, आणि माणसाला शिव्या.

नद्या एकत्र येतात, फुटत नाहीत. बेट आलं तर दोन धारा होतात, पण त्या पुढं लगेच मिळतात. खऱ्या अर्थानं फाटे फुटतात ते समुद्राजवळ, त्रिभुज प्रदेशात. तिथं उतार संपलेला असतो, गाळ पडून पात्र भरतं, आणि नदीला वाट बदलावी लागते. कृष्णाही आंध्रात समुद्राशी तेच करते. पण देशाच्या मध्यावर दोन फाटे दाखवलेत तर काय होतं सांगतो. दोन्हींतला एक फाटा बोटभर का होईना खोल असतो. तिकडं जास्त पाणी, जास्त वेग, तळ आणखी खरवडला जातो. दुसऱ्याकडं वेग कमी, गाळ बसतो. चार-पाच मोठ्या पुरांत थोरली सगळं खाऊन बसते आणि धाकटीचं लवण, म्हणजे कोरडी खोलगट वाट, होतं. त्यात लोक मग ज्वारी पेरतात, पुढं घरंही बांधतात. आणि मग शंभर वर्षांनी एखाद्या पावसात धाकटीला आठवण येते.

तुमच्या राजधानीला फाट्यापेक्षा संगम द्या. आमच्या कराडला या. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना समोरून येते, दोघी तोंडावर तोंड येऊन भेटतात आणि काटकोनात पूर्वेला वळतात. म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. कोयनेची वाटही नकाशात काढण्यासारखी आहे. महाबळेश्वरहून निघून ती डोंगररांगेला समांतर ६५ किलोमीटर दक्षिणेला जाते, जणू तिला पूर्व माहीतच नाही, आणि हेळवाकला आल्यावर एकदम काटकोनात वळते. कुणा लेखकानं असं काढलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, पट्टी ठेवून काढलंय.

पण संगम दिला की पूरही आला, हे लेकीला आधीच सांगून ठेवा. सांगलीचं दुखणं नेमकं काय ते बघा. वर कराडला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा. शहर संपलं न संपलं तोच हरिपूरला वारणा, आणि त्याच्या खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. थोरली तुडुंब असली की धाकटीला आत शिरायला जागा मिळत नाही. ती तोंडाशी थांबते आणि मागं फुगते. त्या फुगवट्याला वेग नसतो, आवाज नसतो. उतार तर कराडच्या खाली मंदच. वरून पाणी येतंय, खाली पाणी तटलंय, मध्ये शहर. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५ फूट, हे आकडे सांगलीच्या पोराला पाढ्यासारखे पाठ असतात ते उगीच नाही.

चिंचेखालचा

आणि अलमट्टी धरण? ५१९.६० मीटर पाणीपातळी? त्याचं काय?

व्यवस्थापक

अलमट्टीवर चार धागे आधीच वाहताहेत, त्यातला एक कुलूपबंद आहे. इथं फक्त अंजनखंड. धन्यवाद.

घाटावरची बाई

खाऱ्या तळ्याचं राहिलं. ज्या तळ्यात नदी शिरते आणि बाहेरही पडते, ते खारं राहत नाही, मीठ वाहून जातं. तळं खारं हवं असेल तर बाहेरची वाट बुजवा. लोणारला हेच आहे : विवर, पाणी आत येतं, जायला वाट नाही, उन्हानं आटतं, क्षार मागं राहतात. तुम्ही ते माणदेशींच्या नदीच्या शेवटी ठेवा. धुनीची नदी समुद्रापर्यंत पोचतच नाही, तळ्यातच संपते. समुद्राला न मिळालेली नदी. मला तर शालवीपेक्षा तीच जास्त आवडायला लागलीय.

पाटकरी

बाई, खारं करायला तळंच कशाला पाहिजे? आमच्याकडं शेतं केली आहेत खारी. ऊस म्हणून पाट सोडून ठेवायचा, निचऱ्याचं नाव नाही, खालचा क्षार वर. पांढरी चोपण जमीन, त्यात बाभूळसुद्धा जीव मुठीत धरून. अंजनखंडाच्या पडीक राजवाड्याभोवती शापाऐवजी हे दाखवा. आजोबांनी पाणी जास्त दिलं, नातवाला मीठ मिळालं.

जावळीचं रान

दोन समुद्रांना मिळणारी नदी सगळे हसण्यावारी नेताहेत म्हणून लिहितो. कोयना मिळते की! खाली येणारं पाणी कृष्णेतून पूर्वेला. पण शिवसागरातलं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातलं, मोठं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीत पडतं आणि अरबी समुद्राला जातं. पश्चिमेला वळवायला वर्षाकाठी साडेसदुसष्ट टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) वाटा ठरलेला आहे. तेव्हा गावभागकर, दोन समुद्र ठेवा. फक्त ते नदीनं केलं नाही, कुणीतरी केलं. कडसरच्या पोटात विसरलेला एक बोगदा, आणि तो कुणी खणला ते कुणाला माहीत नाही.

आणि पाणी साठवलं तर डोंगर हलतो की काय, हाही धाक असू द्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या कोयना भूकंपाचं आमच्या घरी अजून निघतं. आई सांगते, आधी भांडी वाजली. तिला वाटलं मांजर. मग मांडणीच आली खाली.

हरिपूरची लेक

सगळे मोठे लोक उतार आणि टीएमसी बोलताहेत, मी जरा काठावरचं बोलते. माहेर हरिपूर, आता पुण्यात. संगमेश्वराच्या देवळामागं बसून वारणेकडं बघत वाढले.

दादा, तुमची नदी खोटी का वाटते ते सांगू? तिला एकच निळी रेघ आहे. खऱ्या नदीला दोन लागतात, एक चैत्रातली आणि एक श्रावणातली. त्या दोन रेघांच्या मधे जी जमीन असते तिथंच सगळं घडतं. आमच्याकडं तिला मळी म्हणतात. पूर ओसरला की तिच्यावर पोयटा बसलेला असतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत जातो, गार, लोण्यासारखा. त्यात जी वांगी होतात त्यांचं भरीत जगात कुठं मिळत नाही. (पुण्यात मिळतं म्हणतात ते कृष्णाकाठचं नसतं. भाजीवाल्याशी या विषयावर माझं कायमचं भांडण आहे.) मळी कुणाची, यावर खून पडलेत. पूर नसता तर मळी नसती.

दुसरं. तुमचे लोक नदीला शालवी म्हणतात का? काठावरचं कुणी नावानं हाक मारत नाही. 'नदीला गेले', 'नदीवरनं आले', झालं. पूर आला असंही म्हणत नाहीत, 'पाणी आलं' म्हणतात. कुठवर? 'पायरीला लागलं', 'पाराला लागलं', 'मारुती बुडाला'. फूट हे कागदातलं, आमची मोजपट्टी देवळंच. शालवी हे नाव फक्त लांबून आलेल्या माणसाच्या तोंडी घाला. तेवढ्यावरून तो परका आहे हे कळेल.

तिसरं, पेव. हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं असायची. वर तोंड माणूस उतरण्याएवढं, आत खोलीएवढी पोकळी, आणि माती अशी की ओल आत यायची नाही. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी दिवा सोडायचा. विझला तर आत हवा खराब, थांबायचं. माझे आजोबा काठावर पालथे पडून दोरीला कंदील बांधून सोडायचे आणि आम्हाला मागं ढकलायचे. वर यायचा तो हळदीचा कोंडलेला वास मला अजून येतो. २००५ च्या पुरात पाणी पेवांत गेलं. इतकी वर्षं जमिनीनं सांभाळलेली हळद तिथंच सडली, पेवंही ढासळली.

तुमच्या चंद्रकोटच्या खाली काहीतरी साठवलेलं असू द्या.

माणदेशी

ताई, लई भारी. आमच्याकडं पाण्याची वाट बगत्यात, तुमच्याकडं पाणी जायाची.

चिंचेखालचा

मगरी विसरू नका. औदुंबर-भिलवडीपासून खाली नदीत मगर आहे, आणि गणपतीच्या आरतीइतकी नियमित तिची बातमी येते. ड्रॅगन कशाला हवेत?

आणि पुरात नाव नसेल तर काहील. गुऱ्हाळातली गूळ शिजवायची लोखंडी कढई, चार माणसं आरामात बसतात. वल्हं मारलं की स्वतःभोवती फिरते, त्यामुळं पलीकडं पोचेपर्यंत चारी दिशांचं दर्शन होतं. तुमच्या नायकाला बसवाच.

गावभागकर

मंडळी, चार दिवस गायब होतो. नवीन नकाशा केला. या वेळी लेक सोबत बसली. आता तेरा वर्षांची आहे, जुन्या पानावरचं आपलं अक्षर बघून तिला लाज वाटते.

तर, शालवी कडसरच्या माथ्यावर उगम पावते. तीन बहिणींपैकी दोघी पूर्वेला, एक पश्चिमेला उडी मारते. पूर्वेच्या दोघींची संगमावर गाठ पडते. धुनीची नदी खाऱ्या तळ्यात संपते (बाई, तिच्यावर वेगळं प्रकरण येतंय). धाकटी शालवी आता कोरडं लवण आहे आणि तिच्यात एक वस्ती आहे, जिला ती नदी होती हे माहीत नाही. निळ्या रेघा दोन केल्या. मधे मळी, फिकट तपकिरी. काहील आली. बोगद्याचं अजून ठरत नाहीय, जावळीकर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

घोळ झाला तो चंद्रकोटवरून. संगमाला पूर येतो हे पाटकरी काकांचं ऐकून मी राजधानी उचलून टेकाडावर नेली, श्रावणाच्या रेघेच्या बरीच वर. म्हटलं, घ्या बाईसाहेब, तुमची अट पुरी झाली, नदी घरात येत नाही. तिनं विचारलं, मग पाणी भरायला खाली किती पायऱ्या? म्हटलं एकशे आठ. 'रोज?' मी म्हटलं हो, रोज. ती काही बोलली नाही.

रात्री बघितलं तर तिनं पेन्सिलनं खाली, दोन रेघांच्या मधे, घाट काढला होता. घाटाला नावा लागतात म्हणून तिथं बाजार. बाजार आहे म्हणून वखारी. वखारी राखायला माणूस हवा म्हणून एक घर. मग त्याच्या शेजारी दुसरं. सकाळपर्यंत पंधरा-वीस घरं झाली होती, टेकाडावर राहिला फक्त राजा.

मी म्हटलं, अगं, इथं पाणी येतं. तर म्हणाली, 'माहितीय. पण सगळं इथंच आहे ना.'

आता ती घरं पुसू का राहू देऊ?

पाटकरी

राहू द्या. घराला माळा काढा. आणि माळ्याला बाहेरून शिडी.

हरिपूरची लेक

आणि भिंतीवर रेघ. आतल्या भिंतीवर, रंग दिला तरी जात नाही ती.